डिस्नेचे 150 पॉइंट घ्यायचे का? आधी कॅलेंडर, मग किंमत

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत राहणारं चौघांचं कुटुंब, दोन मुलं शाळेत, आणि दर दोन वर्षांनी जुलैत पुण्याहून आईबाबा येतात. ऑरलँडोला गेल्यावर डिस्ने व्हेकेशन क्लबच्या 150 पॉइंटांचा प्रस्ताव हातात पडला. हे पॉइंट नेमके काय असतात, 150 पुरतील का, आणि थेट डिस्नेकडून घ्यावेत की जुन्या मालकाकडून?

दर दोन वर्षांनी जाणाऱ्या कुटुंबाला 150 पॉइंट बहुतेक पुरतात. पण एक अट आहे: सुट्टीच्या तारखा अकरा महिने आधी ठरवता आल्या पाहिजेत. ते जमत नसेल तर भाव कितीही चांगला मिळाला तरी घेऊ नका. या व्यवहारात लोकांचं नुकसान खरेदीच्या किमतीमुळे जितकं होतं, त्याहून जास्त तारखा न पाळल्यामुळे होतं.

हातात काय पडतं

पॉइंट म्हणजे वॉलेटमधले पैसे नव्हेत. तुम्ही एका ठरावीक रिसॉर्टच्या इमारतीतला छोटा हिस्सा घेता. त्याचा दस्त होतो आणि काउंटीच्या दफ्तरी नोंदला जातो. जमीन मात्र डिस्नेचीच राहते, तुमचा हक्क भाडेपट्ट्याच्या मुदतीपुरता असतो. हा हिस्सा किती मोठा, हे सांगणारा आकडा म्हणजे दरवर्षी मिळणारे पॉइंट. ज्या रिसॉर्टचा दस्त, ते तुमचं होम रिसॉर्ट.

मुदत संपली की हक्क संपतो, परत काही मिळत नाही. क्लब 1991 साली ओल्ड की वेस्ट या रिसॉर्टपासून सुरू झाला. ओल्ड की वेस्ट, बोर्डवॉक, बीच क्लब आणि बोल्डर रिज यांची मुदत जानेवारी 2042 मध्ये संपते (ओल्ड की वेस्टच्या काही मालकांनी पैसे भरून ती 2057 पर्यंत वाढवून घेतलेली आहे). साराटोगा स्प्रिंग्ज 2054, अ‍ॅनिमल किंगडम 2057, बे लेक टॉवर 2060, ग्रँड फ्लोरिडियन 2064, पॉलिनेशियन 2066, कॉपर क्रीक 2068, रिव्हिएरा 2070. म्हणून 2042 वाला पॉइंट स्वस्त दिसला तर आधी उरलेली वर्षं मोजा. दर वर्षाला पडणारा भाव काढला की तो अनेकदा स्वस्त राहतच नाही.

भारतातल्या क्लब महिंद्राची पर्पल, रेड, व्हाइट, ब्लू अशी सीझनची पद्धत घरात कुणाला माहीत असेल, तर ती इथे लावायला जाऊ नका. इथे सीझन विकत घ्यायचा नसतो. प्रत्येक रात्रीचे पॉइंट तक्त्यात छापलेले असतात आणि त्या तक्त्यातली कुठलीही रात्र तुम्ही मागू शकता.

तक्ता रिसॉर्ट, खोलीचा प्रकार, खिडकीतून दिसणारं दृश्य आणि तारीख यांवर चालतो. वर्षाचे सात कालखंड पाडलेले आहेत आणि शुक्रवार-शनिवारची रात्र इतर रात्रींपेक्षा महाग असते. साध्या रिसॉर्टातला स्टुडिओ (म्हणजे एकच खोली) मंदीच्या दिवसांत रात्रीला दहा-अकरा पॉइंटांत मिळतो, तर नाताळात चांगल्या दृश्याच्या स्टुडिओला पंचवीस-तीस लागतात. एका बेडरूमच्या व्हिलाला स्टुडिओच्या जवळपास दुप्पट, दोन बेडरूमना त्याहून बरेच जास्त. एका गोष्टीचं मात्र संरक्षण आहे: एका रिसॉर्टचे वर्षभराचे एकूण पॉइंट वाढवता येत नाहीत. एखाद्या रात्रीचे वाढवले तर दुसरीकडे तेवढेच कमी करावे लागतात. त्यामुळे महागाईचा चटका तक्त्यात बसत नाही, तो वार्षिक शुल्कात बसतो.

यूज इयर: सर्वात कमी विचारला जाणारा प्रश्न

तुमचे पॉइंट दरवर्षी एका ठरलेल्या महिन्याच्या 1 तारखेला मिळतात. त्या महिन्यापासून चालणाऱ्या वर्षाला यूज इयर म्हणतात. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, जून, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर आणि डिसेंबर, असे आठच पर्याय असतात. तिथून बारा महिन्यांत ते पॉइंट वापरायचे, नाहीतर पहिल्या आठ महिन्यांत पुढच्या वर्षात ढकलायचे. या ढकलण्याला बँकिंग म्हणतात. आठ महिने उलटले की दार बंद. एकदा बँक केलेले पॉइंट पुन्हा बँक होत नाहीत आणि मागेही आणता येत नाहीत.

उलट्या दिशेने, पुढच्या वर्षाचे पॉइंट आजच्या मुक्कामासाठी ओढता येतात, ते बॉरोइंग. एकदा ओढलेले पॉइंट मूळ वर्षात परत जात नाहीत, आरक्षण रद्द केलं तरीही.

आता तुमच्या जुलैच्या सहलीला हे लावून बघा. समजा ऑगस्टचं यूज इयर घेतलं. वर्ष 1 ऑगस्टला सुरू होतं, बँकिंगची शेवटची तारीख 31 मार्च, आणि पॉइंट 31 जुलैला संपतात. जूनमध्ये आईबाबांचा व्हिसा अडकला, कुणाची तब्येत बिघडली आणि सहल रद्द झाली, तर त्या पॉइंटांना पुढे ढकलण्याची मुदत केव्हाच टळलेली असते. उरलेल्या पाच-सहा आठवड्यांत ते कुठेतरी खपवायचे किंवा सोडून द्यायचे. तीच सहल जूनच्या यूज इयरमध्ये असती तर वर्ष नुकतंच सुरू झालेलं असतं आणि बँकिंगला 31 जानेवारीपर्यंत वेळ असता. एप्रिल घेतलं तर 30 नोव्हेंबरपर्यंत. नियम सोपा आहे: नेहमीच्या सहलीच्या एक ते चार महिने आधी सुरू होणारं यूज इयर घ्या. जुलैत जाणाऱ्याने ऑगस्ट आणि सप्टेंबर टाळावेत, मग पॉइंटमागे दोन-तीन डॉलर जास्त पडले तरी चालतील.

एकदा यूज इयर ठरलं की पुढची खरेदी त्याच महिन्याची करा. वेगळ्या महिन्याचा करार वेगळ्या सभासद क्रमांकाखाली जातो आणि दोन्हींचे पॉइंट एका आरक्षणात सरळ एकत्र करता येत नाहीत.

दर दोन वर्षांनी जायचं असेल तर एका वर्षाचे 150 बँक करून पुढच्या वर्षी 300 वापरायचे. एवढ्यात एक बेडरूमचा व्हिला आठवडाभर आरामात मिळतो, आणि स्वस्त रिसॉर्टात दोन बेडरूमचाही बसू शकतो. फार मोठी सहल असेल तर मागचे 150, चालू 150 आणि पुढचे ओढलेले 150, असे 450 होतात. त्यानंतर मात्र पुढचं वर्ष कोरडं जातं आणि त्या वर्षाचं शुल्क तरीही भरावंच लागतं.

इथे एक चूक फार होते. आरक्षण करताना मागचे पॉइंट आधी बँक केलेले नसतील, तर क्लबची आरक्षण व्यवस्था मुक्कामाच्या वर्षाचे पॉइंट घेते आणि कमी पडले की त्याच्या पुढच्या वर्षाचे ओढते. जुन्या वर्षाचे 150 जागेवर पडून राहतात. दोन्ही बाजूंनी फटका. म्हणून क्रम पाळा: आधी बँकिंग, मग आरक्षण.

अकरा महिने आणि सात महिने

होम रिसॉर्टचं आरक्षण चेक-इनच्या अकरा महिने आधी उघडतं, बाकीच्या रिसॉर्टांचं सात महिने आधी. म्हणजे 10 जुलै 2027 ला पोहोचायचं असेल तर होम रिसॉर्टसाठी 10 ऑगस्ट 2026, आणि दुसऱ्या कुठल्याही रिसॉर्टसाठी 10 डिसेंबर 2026. सकाळी 8 वाजता, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार. चेक-इनच्या दिवसापासून सलग सात रात्री त्या क्षणी घेता येतात. भारतातून आरक्षण करणाऱ्यांसाठी ही वेळ उन्हाळ्यात संध्याकाळी साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा होते.

मधले चार महिने हाच होम रिसॉर्टचा खरा फायदा. ज्या खोल्या संख्येने थोड्या आणि पॉइंटांनी स्वस्त, त्या याच काळात संपतात. अ‍ॅनिमल किंगडमच्या व्हॅल्यू खोल्या आणि बोर्डवॉकचे स्टँडर्ड व्ह्यू स्टुडिओ ही ठळक उदाहरणं. कॅलिफोर्नियातलं ग्रँड कॅलिफोर्नियन तर बाहेरच्या सभासदाला सात महिन्यांवर क्वचितच मनासारखं मिळतं. डिसेंबरचा पहिला पंधरवडा आणि ऑक्टोबर हे सभासदांचे लाडके दिवस, त्यामुळे तिथे शाळेच्या सुट्ट्यांपेक्षाही जास्त चुरस असते. काही जण हव्या तारखेच्या आधीच्या तारखेचं आरक्षण अकरा महिन्यांच्या टप्प्यावर घेऊन ठेवतात आणि रोज एकेक दिवस पुढे सरकवत हव्या तारखेपर्यंत नेतात. त्यामुळे 8 वाजून 1 मिनिटाला बघितलं तरी खोली 'संपलेली' दिसू शकते. अशा वेळी प्रतीक्षा यादीत नाव घाला आणि पुढचे काही दिवस रोज बघत राहा, कारण सरकवलेल्या आरक्षणामागे खोल्या सुटत जातात.

म्हणूनच 'साराटोगाचे स्वस्त पॉइंट घ्या आणि पॉलिनेशियनला राहा' हा सल्ला अर्धाच खरा आहे. स्टुडिओ हवा असेल, तारखा लवचीक असतील, तर चालून जाईल. आईबाबांसह जुलैचा एक ठरावीक आठवडा आणि दोन बेडरूम हव्या असतील, तर ज्या रिसॉर्टात राहून समाधान वाटेल तेच होम रिसॉर्ट घ्या.

रद्द करण्याचे नियम तारखेवर ठरतात. चेक-इनला 31 दिवस किंवा जास्त असताना रद्द केलं तर पॉइंट आपापल्या खात्यात परत येतात. 30 दिवसांच्या आत रद्द केलं तर ते होल्डिंगमध्ये जातात: मग त्यांतून फक्त पुढच्या 60 दिवसांतल्या मुक्कामाचं आरक्षण करता येतं आणि ते बँक होत नाहीत. त्याच दिवशी रद्द केलं किंवा गेलाच नाहीत, तर पॉइंट गेले. शंका असेल तर निर्णय बत्तिसाव्या दिवसाआधी घ्या.

पैशाचा हिशोब

भाव बदलत राहतात, म्हणून पद्धत बघा आणि तुमच्या हातातले आकडे घाला. उदाहरणासाठी थेट खरेदी 225 डॉलर प्रति पॉइंट, वार्षिक शुल्क 9 डॉलर प्रति पॉइंट, मुदत 40 वर्षं धरू. 150 पॉइंटांचे 33,750 डॉलर. त्याला 40 ने भागून वर्षाला पॉइंटमागे सुमारे 5.63 डॉलर म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक, कारण ही रक्कम आज जाते. 5 टक्के परतावा सोडला असं धरलं, तर वर्षाला पॉइंटमागे सुमारे 13 डॉलर पडतात. अधिक 9 म्हणजे 22.

जुन्या मालकाकडून 130 डॉलरने, 28 वर्षं उरलेला करार घेतला तर 19,500 डॉलर. त्याच हिशोबाने पॉइंटमागे पावणेनऊ डॉलर, अधिक 9, म्हणजे साधारण पावणेअठरा. आणि काहीच विकत न घेता एखाद्या सभासदाकडून मध्यस्थामार्फत पॉइंट भाड्याने घेतले तर 20 डॉलरच्या आसपास पडतात, तेही लागतील त्याच वर्षी. म्हणजे थेट खरेदी आणि भाडं यांत, या आकड्यांवर, भाडंच सरस ठरतं. भाडंही वर्षागणिक वाढतं हे खरं, पण शुल्कही वाढतंच.

कर्ज काढून तर नकोच. 10 टक्के आधी भरून उरलेले 30,375 डॉलर 11 टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले तर महिन्याला सुमारे 418 डॉलर हप्ता बसतो आणि एकूण व्याज वीस हजारांच्या घरात जातं. त्या व्याजात किती सहली झाल्या असत्या ते मांडून बघा. याशिवाय 1,350 डॉलरचं वार्षिक शुल्क वेगळं. त्यात मालमत्ता कर, देखभाल आणि राखीव निधी येतो, आणि सहलीला गेलात की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो.

पार्कची तिकिटं आणि जेवण पॉइंटांत येत नाही. रोजची साफसफाईही नाही: आठवड्याच्या मुक्कामात चौथ्या दिवशी कचरा उचलतात आणि टॉवेल बदलतात, बस. हवाईतलं औलानी आणि कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँड हॉटेलचे व्हिला इथे पॉइंटांवर राहिलं तरी रात्रीमागे स्थानिक कर रोख भरावा लागतो. क्रूझसाठी पॉइंट वापरायची सोय थेट खरेदीदारांना असते, पण त्यात मिळणारा मोबदला इतका कमी असतो की क्रूझ रोखीनेच घ्यावी.

तुमच्या घरासाठी खोलीचा प्रकार महत्त्वाचा आहे. स्टुडिओत मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज असतो, शेगडी नसते. एक बेडरूमपासून पूर्ण स्वयंपाकघर आणि कपडे धुण्या-वाळवण्याचं यंत्र मिळतं. आईबाबांना रोज बाहेरचं चालत नसेल तर सकाळचे पोहे आणि रात्रीचा वरणभात तिथे होतो, मात्र शेगडी विजेची असते हे लक्षात ठेवून भांडी न्या. दोन बेडरूमपैकी 'लॉक-ऑफ' प्रकारात एक बेडरूम आणि एक स्टुडिओ मधल्या दाराने जोडलेले असतात. आजीआजोबांना त्यांचं वेगळं दार, वेगळं न्हाणीघर मिळतं. सहाजणांसाठी हाच प्रकार मागा.

थेट की रीसेल

रीसेलवर, म्हणजे जुन्या मालकाकडून घेतलेल्या पॉइंटांवर, बंधनं आहेत आणि ती खरेदीच्या तारखेवरून ठरतात. 19 जानेवारी 2019 पासून रीसेलमध्ये घेतलेले जुन्या (रिव्हिएराच्या आधीच्या) चौदा रिसॉर्टांचे पॉइंट त्या चौदांतच चालतात. रिव्हिएरा, डिस्नेलँड हॉटेलचे व्हिला आणि फोर्ट विल्डरनेसच्या केबिन यांचे रीसेल पॉइंट फक्त त्या-त्या रिसॉर्टातच चालतात, त्यामुळे तिथला करार पुढे विकतानाही भाव पडतो. रीसेलवाल्याला पार्कच्या वार्षिक पासावरच्या आणि इतर सवलती मिळत नाहीत. त्या हव्या असतील तर नव्या सभासदाला थेट 150 पॉइंट घ्यावे लागतात. दोन वर्षांतून एकदा जाणाऱ्याला वार्षिक पासाचा उपयोग जवळपास नसतो, म्हणून तुमच्यासाठी सवलतींचं वजन कमी. जुन्या चौदांपैकी एक, रीसेलमध्ये, रोखीने. हा माझा सल्ला.

दोन छोटे करार एका मोठ्यापेक्षा बरे: 150 ऐवजी 100 आणि 50, एकाच यूज इयरचे. करार तोडून विकता येत नाही, पण दोनपैकी एक विकता येतो, आणि छोट्या करारांना गिऱ्हाईक चटकन मिळतं. दस्तखर्च मात्र दोनदा लागतो.

रीसेलची जाहिरात वाचताना भावाआधी पॉइंटांची स्थिती बघा: बँक केलेले किती, चालू वर्षाचे किती, पुढचे ओढून संपवलेत का. दोन वर्षं रिकामा करार पॉइंटमागे दहा डॉलर स्वस्त असेल तर तो स्वस्त नाही. चालू वर्षाचं शुल्क कोण भरणार हे लेखी घ्या. सौदा ठरल्यावर तो डिस्नेकडे जातो. त्याच भावाने स्वतः घ्यायचा पहिला हक्क डिस्नेला असतो आणि निर्णयाला 30 दिवसांपर्यंत लागू शकतात. त्यानंतर दस्त, नोंदणी आणि खात्यात पॉइंट दिसणं. सगळं मिळून दोन-तीन महिने धरा, म्हणजे याच मोसमाच्या सहलीसाठी रीसेलवर विसंबू नका. आणि पुढे कधी विकताना 'आधी फी भरा, आम्ही सोडवून देतो' म्हणणाऱ्याला एक डॉलरही देऊ नका. सरळ दलाल आपलं कमिशन विक्री झाल्यावर घेतो.

भारतात परत जाण्याची शक्यता असेल तर

परदेशात राहत असताना घेतलेली मालमत्ता परतल्यावर ठेवायला भारताचा फेमा (परकीय चलनाचा) कायदा परवानगी देतो. पण कराच्या दृष्टीने 'सामान्य निवासी' झाल्यावर भारतातल्या विवरणपत्रात ती परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावी लागते. शुल्क डॉलरमध्येच भरायचं असतं. करदृष्ट्या अमेरिकेचे निवासी उरला नाहीत आणि तेव्हा विक्री केलीत, तर खरेदीदाराकडून विक्रीच्या पूर्ण किमतीवर साधारण 15 टक्के रक्कम कापली जाते, तोटा झाला असला तरी. ती विवरणपत्र भरून परत मागावी लागते. अमेरिकेत अधिवास नसलेल्या परदेशी माणसाच्या मृत्यूनंतर तिथल्या मालमत्तेवर वारसा कराची सूट फक्त 60,000 डॉलरची आहे. तिथली इतर गुंतवणूकही त्यात धरली जाते. व्हिसाचं नक्की नसेल तर परत निघण्याआधीच करार विकून मोकळं व्हा, नाहीतर सरळ भाड्याचे पॉइंट घ्या.

या दरम्यान सही झालीच असेल, तर फ्लोरिडातल्या कराराला कायद्याने 10 दिवसांची सवड आहे. हे कॅलेंडरचे दिवस, शनिवार-रविवार धरून. सही आणि शेवटचा कागद हातात पडणं, यांतली जी तारीख नंतरची तिथून मोजायचे. फोनवर सांगून भागत नाही. करारातच रद्द करण्याचा पत्ता आणि पद्धत छापलेली असते, त्याप्रमाणे लेखी पत्र द्या. त्यात करार क्रमांक, सर्व खरेदीदारांची नावं आणि सह्या, तारीख आणि 'हा करार रद्द करत आहोत' एवढं एक वाक्य पुरे. कारण द्यायची गरज नाही. पत्र पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवा, टपाल शिक्क्याची पावती जपून ठेवा आणि पत्राची प्रत ईमेलनेही पाठवा. भरलेली अनामत रक्कम पूर्ण परत मिळते. नंतर विचार बदललाच, तर तेच रिसॉर्ट रीसेलमध्ये शोधायला मोकळे असाल.